दाजूंना अछामला पाठवण्याआधी

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"आमची ठाण्यातली जुनी, छोटी सोसायटी. वीस वर्षांहून जास्त काळ इथे नेपाळचे एक गृहस्थ वॉचमन आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. सगळे त्यांना दाजू म्हणतात. माझी मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. त्यांना डायबेटिस आणि बीपी आहे, गोळ्या चालू आहेत. पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, तर फुफ्फुसाचा टीबी निघाला. औषधं सुरू होऊन दीड महिना झाला. आता कमिटीने एजन्सीचे गार्ड घ्यायचं ठरवलंय आणि दाजूंना महिनाअखेर जिन्याखालची खोली रिकामी करायला सांगितलंय. खरं कारण टीबीची भीती आहे, उघड कुणी बोलत नाही एवढंच. दाजूंनाही आता घरी जायचंय. मुलगा बोलावतोय, दसैं जवळ आलाय. त्यांचं गाव अछाम जिल्ह्यात, डोंगरात. जीपमधून उतरल्यावर बराच चढ चालावा लागतो. तिथे डॉक्टर नाही म्हणतात. आम्ही काही घरांनी वर्गणी काढून पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांची औषधं द्यायचं ठरवलंय. एवढं पुरेल का?"

ताई,

पैसे द्या, औषधंही द्या. पण एवढ्याने भागणार नाही. दाजूंना खरा धोका आहे तो दोन नोंदवह्यांच्या मधल्या जागेत. ठाण्याच्या वहीत "रुग्ण गावी गेला" अशी ओळ पडेल आणि अछामच्या वहीत त्यांचं नाव कुणी लिहिलेलंच नसेल. टीबीची औषधं सुटतात ती बहुतेक अशा मधल्या जागेतच. म्हणून निरोप द्यायच्या आधी पलीकडच्या वहीत त्यांचं नाव चढेल अशी तजवीज करा. बाकी सगळं त्यानंतर.

सगळ्यात आधी खोलीचं. महिनाअखेर ही तारीख मान्य करू नका. टीबीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतात आणि ते संपताना थुंकीची तपासणी करतात. औषधं लागू पडताहेत की नाही, हे त्या तपासणीवरून कळतं. दाजूंचा दीड महिना झालाय. म्हणजे दोन महिने भरेपर्यंत, तपासणी होऊन रिपोर्ट हातात येईपर्यंत त्यांनी इथेच राहायला हवं. रिपोर्टमध्ये जंतू अजून दिसले, तर औषधांना दाद न देणारा टीबी आहे का, हे बघावं लागतं. ती तपासणी ठाण्यात चटकन होईल, डोंगरात तिच्यासाठी मोठी पायपीट करावी लागेल. सुरुवातीला सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीचे जंतू आणि त्यांची औषधांना दाद तपासणारी चाचणी झाली होती का आणि त्यात रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाबद्दल काय आलं होतं, हेही दवाखान्यात विचारून लिहून घ्या.

कमिटीला हे सांगायला तुम्हीच जा. औषधं नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत, औषधं लागू पडत असतील तर, रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता खूपच कमी होते. दाजूंचा दीड महिना झाला आहे. जो काय धोका होता तो निदानाआधीच्या खोकल्याच्या दिवसांत होता, तेव्हा कुणी खोली रिकामी करायला सांगितलं नव्हतं. त्या खोलीत त्यांच्यासोबत आणखी कुणी राहत असेल, तर त्याची तपासणी मात्र करून घ्या, टीबीच्या कार्यक्रमात ती फुकट होते. वीस वर्षं ज्याने रात्री जागून आपलं दार राखलं, त्या माणसाला उपचाराच्या मध्यावर बाहेर काढणं अन्यायाचं आहे. हे शब्द माझे म्हणून कमिटीत वाचून दाखवलेत तरी चालेल.

दसैं चुकेल. त्याचं त्यांना वाईट वाटणार, आणि ते समजून घ्या. तो त्यांच्याकडचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, त्यासाठी माणसं कर्ज काढून घर गाठतात. पण तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, त्यानंतर काही आठवड्यांतच येतो. तिहारला पोहोचता येईल. शिवाय पावसाळ्यात तिकडचे डोंगररस्ते दरडींनी बंद पडतात, तेव्हा थोडं उशिरा निघणं प्रवासालाही बरं. निर्णय मात्र दाजूंचा. तुम्ही त्यांना तपासणीचं कारण नीट सांगा, मुलाशी फोनवर बोला आणि मग त्यांना ठरवू द्या.

आता अछामबद्दल. "तिथे डॉक्टर नाही" हे अर्धं खरं आहे. गावच्या वडात, म्हणजे वॉर्डात, स्वास्थ्य चौकी हा छोटा सरकारी दवाखाना असतो. तिथे बहुधा डॉक्टर नसतो, हेल्थ असिस्टंट किंवा नर्सताई असतात, पण टीबीच्या गोळ्या तिथून मिळू शकतात आणि नेपाळातही त्या मोफत आहेत. त्याच्या वर मंगलसेनचं जिल्हा रुग्णालय आहे आणि साँफेबगरजवळ बयलपाटा रुग्णालय. हे बयलपाटा 2009 पासून सरकार आणि एका स्वयंसेवी संस्थेच्या भागीदारीतून उभं राहिलं. पुढे त्याच्या नव्या इमारती तिथलीच माती कुटून घट्ट केलेल्या भिंतींच्या बांधल्या. सुदूर पश्चिमेच्या डोंगरात लोक लांबून तिथे येतात. त्याहून मोठं काही लागलं तर डडेलधुरा किंवा खाली धनगढीला सेती प्रादेशिक रुग्णालय. थोडक्यात, व्यवस्था आहे. ती उतारावर, चढावर, विखुरलेली आहे आणि तिला दाजू माहीत नाहीत, ही अडचण आहे.

माहीत नाहीत याला कारण आहे. आखाती देशांत जाणारा नेपाळी माणूस श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाचा सरकारी परवाना, घेऊन जातो, त्याची जाताना वैद्यकीय तपासणी होते, विमा असतो, परत आल्यावर सरकारकडे त्याची काहीतरी नोंद सापडते. भारतात यायला 1950 च्या करारामुळे व्हिसा लागत नाही, परवाना लागत नाही. ही मोठी सोय आहे, पण त्यामुळे भारतात वीस वर्षं राबून परतलेल्या माणसाचा कागद दोन्ही सरकारांकडे नसतो. अछामच्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-ठाण्याकडे येत आले आहेत, आणि परतताना त्यांच्या तब्येतीचा इतिहास इथेच राहतो.

म्हणून कागद. दवाखान्यात टीबीचं काम बघणारे हेल्थ व्हिजिटर असतात, त्यांना भेटा. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवरून रुग्णाची बदली भारतातल्या भारतात करता येते. सीमेपलीकडे रुग्णानेच कागद न्यावा लागतो. त्यांच्याकडून सही-शिक्क्याचं रेफरल पत्र मागा. त्यात निदान कशावरून झालं, औषधं कधी सुरू झाली, वजन किती, कोणत्या गोळ्या किती, दोन महिन्यांच्या तपासणीचा निकाल काय आणि किती डोस उरले, एवढं असायला हवं. उपचाराच्या कार्डाची झेरॉक्स घ्या. लॅबचे रिपोर्ट पुष्कळदा थर्मल कागदावर असतात. अशा रिपोर्टांची गत मी पाहिली आहे. पिशवीच्या गाठीत चार पदरी घडी घालून ठेवलेले, उघडून बघावं तर कोरे, शाई केव्हाच उडून गेलेली. त्यांचीही झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढून मुलाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. नेपाळच्या कार्यालयांत तारखा विक्रम संवतात लिहितात. तेव्हा औषध सुरू झाल्याची तारीख दोन्ही पद्धतीने लिहिलेली बरी, दाजूंचा मुलगा तेवढं करून देईल.

तीन महिन्यांची टीबीची औषधं बाजारातून विकत घेऊन देऊ नका. हेतू चांगला आहे, पण त्याने नुकसान होतं. हातात गोळ्या असल्या की माणूस स्वास्थ्य चौकीची पायरी चढत नाही, मग त्याचं वजन कुणी बघत नाही, कावीळ झाली तर कुणाला कळत नाही, आणि गोळ्या संपल्या की उपचारही संपतो. दवाखान्याकडून प्रवासाचे दिवस धरून साधारण महिनाभर पुरेल एवढा साठा मागा. त्या महिन्यात तिकडे नाव नोंदवून व्हायलाच हवं. आणखी एक गोष्ट दाजूंना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्यात तीन औषधं चालू राहतात, नेपाळच्या पद्धतीत साधारणपणे दोन. तिकडे गोळ्यांचा रंग आणि संख्या बदललेली दिसेल. "इथल्यांना कळत नाही" म्हणून त्यांनी औषध सोडायचं नाही. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, तिला घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्न नकोसं झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सणासुदीला घरोघरी आग्रह होतो, पण औषधं संपेपर्यंत दारूचा थेंब नाही, कारण या औषधांचा भार आधीच यकृतावर असतो.

डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या मात्र विकत घेऊन द्या, त्या दोन-तीन महिन्यांच्या दिल्यात तरी चालेल. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिनसारख्या नेहमीच्या गोळ्या नेपाळच्या मोफत यादीत आहेत. पण यादीत असणं वेगळं आणि स्वास्थ्य चौकीच्या कपाटात असणं वेगळं. डोंगरात साठा संपला की पुढचा यायला वेळ लागतो. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव मिलिग्रॅमसकट लिहून घ्या. इथला ब्रँड तिकडच्या दुकानात कुणाला ओळखू येणार नाही. साखर तपासायचं यंत्र देणार असाल तर आधी मुलाला विचारा, साँफेबगरला किंवा धनगढीला कोणत्या कंपनीच्या पट्ट्या मिळतात. पट्ट्यांशिवाय यंत्र म्हणजे नुसता डबा.

एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. रिफाम्पिसिन हे औषध शरीरात इतर काही औषधांचा जोर कमी करतं. ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या आणि अम्लोडिपिन त्यांत येतात. त्यामुळे टीबीचा उपचार चालू असताना या गोळ्यांचा डोस वाढवावा लागू शकतो, दाजूंचाही कदाचित वाढवला असेल. टीबीचा उपचार संपून रिफाम्पिसिन बंद झालं की दोनेक आठवड्यांत तो परिणाम ओसरतो, आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, बीपीही उतरतं. गावात, चढावर, एकट्याला चक्कर आली तर काय होईल याचा विचार करा. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून पत्रातच एक ओळ लिहून घ्या: टीबीचा उपचार संपल्यावर साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा डोस पुन्हा तपासावा. डोस स्वतःहून कुणी बदलायचा नाही.

प्रवास लांबचा आहे. रेल्वेने उत्तरेकडे, मग बसने बनबसा किंवा गौरीफंटाची सीमा, तिथून पुढे डोंगराची बस, शेवटी जीप आणि पायी. औषधं आणि कागद मोठ्या बॅगेत नकोत, बसच्या टपावरची बॅग हरवते, भिजते. गळ्यातल्या पिशवीत ठेवा. साखरेची गोळी घेतली आणि बस भलतीकडेच थांबल्यामुळे जेवण चुकलं, तर साखर उतरते. खिशात साखर, बिस्किटं असू द्या. सीमेवर कुणी औषधांबद्दल विचारलं तर दाखवायला चिठ्ठी हवी. आणि शक्य असेल तर त्यांच्याच गावाकडचा कुणी सोबतीला बघा, ठाण्यात अछामची माणसं पुष्कळ आहेत.

पैशांबद्दल. पंचवीस हजार भारतीय रुपये म्हणजे चाळीस हजार नेपाळी, दर ठरलेला आहे, 100 ला 160. एकरकमी हातात घेऊन गेले तर ते सावकाराकडे, छपराकडे, पाहुण्यांकडे जातील, आणि त्यात दाजूंची चूक काही नसेल, वीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाकडून घर तेवढी अपेक्षा करणारच. त्यातला एक हिस्सा आधी वेगळा काढा. नेपाळ सरकारचा स्वास्थ्य विमा आहे. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला 3,500 नेपाळी रुपये हप्ता, म्हणजे आपले सुमारे 2,200, आणि त्यावर एक लाख नेपाळी रुपयांपर्यंतचे उपचार, अशी त्याची मूळ रचना आहे. पाचाहून जास्त माणसं असली तर माणशी वेगळी भर. मुलाला आजच विचारा: घराचा विमा आहे का, आणि त्यात वडिलांचं नाव आहे का? बाहेर राहणाऱ्या माणसाचं नाव घरचे लोक पुष्कळदा घालतच नाहीत. नोंदणी केल्या केल्या सेवा सुरू होत नाही, मधे काही काळ जातो, त्यामुळे ते निघण्याची वाट न बघता नोंदणीला लागा. पहिलं सेवा केंद्र निवडावं लागतं आणि वरच्या रुग्णालयात जाताना तिथली चिठ्ठी लागते, हे लक्षात असू द्या. गेल्या काही वर्षांत विम्याकडून रुग्णालयांची देणी थकल्याच्या तक्रारी आहेत, काही ठिकाणी सेवा अडखळली. तरीही कार्ड असावं. पुढे मूत्रपिंड, हृदय किंवा कॅन्सरसारखं काही उद्भवलं तर विपन्न नागरिकांसाठी सरकारी मदत वेगळी आहे, ती स्थानिक पालिकेच्या सिफारशीवर मिळते. डायबेटिस असलेल्या माणसाच्या घरात ही माहिती असलेली बरी.

या सगळ्याला त्यांचं नागरिकता प्रमाणपत्र लागेल. ते कुठे आहे, फाटलंय का, नाव-जन्मसाल जुळतंय का, हे बघा. रेफरल पत्रावरचं नाव त्याच स्पेलिंगने लिहून घ्या. इथे वर्षानुवर्षं कुणी त्यांना एका नावाने हाक मारली, कुणी दुसऱ्या, आणि दवाखान्यात भलतंच नाव पडलेलं असू शकतं.

उरलेले पैसे एकदम देण्यापेक्षा दर महिन्याला पाठवता आले तर पाठवा. भारतातल्या बँकेतून नेपाळला पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ सुविधा आहे, स्टेट बँकेच्या शाखेत चौकशी करा. आणि कधी ते एजन्सीमार्फत कामाला असतील, पगारातून पीएफ कापला गेला असेल, तर तो निघण्याआधी मिळवून द्या. पीएफच्या नियमांत नेपाळी कामगाराला भारतीय कामगारासारखंच धरतात. एकदा ते डोंगरात गेले की इथल्या कार्यालयाचा ओटीपी त्यांच्यापर्यंत पोहोचायचा नाही, रोमिंगशिवाय इथलं सिम तिथे चालत नाही.

आता नाजूक भाग. मुंबईहून आजारी परतलेल्या पुरुषाकडे अछाममध्ये संशयाने बघतात. तिथे एचआयव्हीने बरीच घरं उद्ध्वस्त केली आणि तो संसर्ग कामासाठी मुंबईकडे आलेल्यांमधून घरांत शिरला, हे लोक विसरलेले नाहीत. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्हीची तपासणी सुचवतात. दाजूंची झाली असेल. निकाल त्यांचा आहे, तुम्ही विचारू नका, सोसायटीत तर त्यावर चर्चाच नको. पण एवढं त्यांना एकांतात सांगा की काहीही निघालं असलं तरी त्याची औषधं त्यांच्या जिल्ह्यातही मोफत आहेत, आणि पत्नीपासून लपवल्याने दोघांचंही नुकसान होईल. टीबीबद्दल घरी सांगायचं का, कसं, हेही त्यांनीच ठरवायचं. मात्र त्यांची परवानगी असेल तर निघण्याआधी वहिनींशी एकदा फोनवर बोला. इतकी वर्षं घर, गुरं, शेती त्यांनी एकटीने ओढली, आता नवऱ्याच्या गोळ्यांचा हिशेबही त्यांच्याकडेच येणार. त्यांना कळू दे की वेगळं ताट, वेगळी झोपडी असलं काही लागत नाही. दोन महिन्यांचा रिपोर्ट चांगला असेल तर नातवंडांना मांडीवर घ्यायलाही हरकत नाही.

आणि वहिनींना गावातल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविकेबद्दल विचारा. 1988 पासून नेपाळात या बायका काम करताहेत, देशभरात पन्नास हजारांच्या आसपास आहेत, आणि त्या गावात एक नक्की असेल. वहिनी तिला नावाने ओळखत असणार. तिचा फोन नंबर घ्या, दाजू येताहेत आणि त्यांचा उपचार निम्म्यात आहे हे मुलाने तिला आधीच जाऊन सांगावं. स्वास्थ्य चौकीतल्या माणसाशी ओळख ती करून देईल. मी सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर ठेवीन.

तुमच्यासाठी तीन तारखा. एक, निघाल्यानंतर दहाएक दिवसांनी फोन: स्वास्थ्य चौकीत नाव चढलं का, नवं कार्ड मिळालं का? कार्डाचा फोटो मागवा आणि तो इथल्या हेल्थ व्हिजिटरना दाखवा, म्हणजे त्यांच्या वहीतही रुग्ण हरवला असं राहणार नाही. दोन, सोबत दिलेल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी. तीन, सहावा महिना संपताना: शेवटची थुंकीची तपासणी झाली का, आणि साखरेच्या व बीपीच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी पुन्हा बघितला का? हा तिसरा फोन चुकवू नका. नेमका तेव्हा माणसाला बरं वाटत असतं आणि बयलपाटापर्यंतचा उतार उगाच कशाला उतरायचा असं वाटतं. उतरायला सांगा, जीपचं भाडं वर्गणीतून आधीच काढून ठेवा.